चढावर आबांचा हात

माझ्या नवऱ्याच्या टीमचे मॅनेजर मला भेटले की दर वेळी पहिलीपासून शिकवायला बसायचे. "वहिनी, सायकलिंग हा एकट्याचा खेळ नसतो बरं का, टीमचा असतो." मी म्हणायचे, "हो का? बरं झालं सांगितलंत." इतकी वर्षं ह्या माणसाच्या घामट जर्स्या मी धुतल्या, रात्री-अपरात्री पायाचे गोळे चोळले, आणि मला हे माहीत नसणार! माझं तोंड जरा फटकळ आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यानं सांगायचं राहत नाही.

हे, म्हणजे माझे यजमान, सायकलच्या शर्यतींतले व्यावसायिक खेळाडू. पगारावर. पण जिंकणाऱ्यातले नव्हेत. प्रत्येक टीममध्ये एक हिरो असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबणारे. हिरोच्या पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, मागं गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. त्याला इंग्रजीत की कुठल्या भाषेत काहीतरी झकास नाव आहे. मी पाणक्या म्हणते. ह्यांना राग येत नाही, हसतात. एकदा पेपरात शर्यतीचा फोटो आला होता, त्यात ह्यांचं कोपर आलं होतं. निम्मं. ते कात्रण सासूबाईंनी देवघराशेजारी चिकटवलंय.

आमचं घर काटेवाडीच्या पुढं, कालव्याच्या कडेला, उसात. मी इंदापूरला खताच्या आणि बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर असते. रोजचं येणं-जाणं एसटीनं. भवानीनगरला गाडी थांबली की साखर कारखान्याच्या मळीचा वास आत येतो आणि मग अर्धी गाडी नाकाला पदर लावते. त्या वासाचं मला कधी काही वाटलं नाही, तिथंच वाढले मी. तर ह्याच रस्त्यानं, माझ्या रोजच्या एसटीच्या रस्त्यानं, गेल्या हिवाळ्यात शर्यत जाणार असं ठरलं. एका दिवसाची मोठी शर्यत. बारामतीतून सुटायचं, काटेवाडी, भवानीनगर, इंदापूर, तिथनं माळरानातनं वळसा घेऊन परत आमच्या अंगाला यायचं, आणि शेवट बिरोबाच्या टेकडीवर.

टेकडी म्हटलं तर फार मोठी नाही. पण देवळापर्यंत जो सिमेंटचा रस्ता केलाय, तो करणाऱ्याला बहुतेक माणसांनी वर जाऊच नये असं वाटत असावं. शेवटच्या आधीच्या वळणाला तर जीपसुद्धा रडते. जत्रेत तिथं निम्मी माणसं उतरून चालत जातात. ह्यांनी मात्र त्या चढावर सायकल घालून घालून तो पाठ केला होता.

शर्यतीच्या आधी मॅनेजर घरी आले. चहा झाला, पोहे झाले, आणि मग त्यांनी बशीत बघत सांगितलं, "नवीन पोरं आलीत. तू चौतीसचा झालास. मार्चमध्ये करार संपतोय. ह्या शर्यतीत टीम तुझ्यासाठी राबेल, रस्ता तुझा आहे. पहिल्या तिघांत आलास, तर पुढचा करार मी भांडून आणतो. नाही आलास, तर माझ्या हातात काही नाही." हे नुसतं "हो सर" म्हणाले. मी आतून ऐकत होते. ह्या माणसाला सायकलीशिवाय दुसरं काही येत नाही हो. उसाला पाणी द्यायला सांगितलं तर दोन सऱ्या तुंबवून येतात. सायकल गेली की हे काय करणार, ह्याचा विचार मी भांडी घासताना करायचे आणि हातातली भांडी जरा जास्तच आपटायचे.

आता आबांबद्दल सांगायला पाहिजे. आबा म्हणजे माझे सासरे. ऊसवाले, कमी बोलणारे, डोक्याला टोपी आणि पायात जाड वहाणा. सायकल चालवून पगार मिळतो ही गोष्ट त्यांना कधी नीट पटलीच नाही. त्यांनी मुलाला अडवलं नाही, पण विचारलंही नाही. ह्यांची ती कापसासारखी हलकी सायकल माजघरात असायची. आबा तिच्या कडेनं वळसा घालून जायचे, जशी काय घरात पाहुण्याची गाय बांधलीय. ती हलवायची झाली तरी हाक मारायचे, "सूनबाई, हिला जरा बाजूला घ्या." स्वतः हात लावायचे नाहीत. लहानपणी ह्यांना सायकल शिकवली तीसुद्धा चुलत्यांनी. शर्यत तर आबांनी कधी बघितलीच नव्हती. शर्यती कुठं कुठं लांब व्हायच्या. ही पहिली.

शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी हे गावातल्या लोकांना भेटायला देवळाच्या मंडपात गेले. मीही गेले, कारण हे बोलायला लागले की कुणी ऐकत नाही आणि मी बोलायला लागले की ऐकावंच लागतं. ह्यांनी सांगितलं, "हलगी वाजवा, ओरडा, काय करायचं ते करा. पण शर्यत संपेस्तोवर भंडारा उधळू नका, डोळ्यात जातो. हार घेऊन मधी येऊ नका. आणि चढावर कुणी हात लावायचा न्हाय. कुणी मागनं ढकललं आणि मी गप राहिलो, तर मी बाद. मी लगेच हात झटकला तर पंच सोडून देत्यात. पण तशी वेळच आणू नका."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग कोपऱ्यातनं एक तात्या म्हणाले, "म्हंजी? मदत केली म्हणून बाद?"

"व्हय तात्या."

"आन माणूस चढाला अडला तर?"

"अडू द्यायचा."

"ह्यो कसला खेळ रं!" तात्यांनी पान थुंकायला तोंड फिरवलं.

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडं चढावर कुणाचं अडलं तर विचारायची पद्धतच नाही. गळीत सुरू झालं की कालव्याच्या पुलावर रोज एखादी उसाची ट्रॉली अडते. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, ड्रायव्हर बोंबलतो, आणि रस्त्यानं जाणारा जो कुणी असेल तो जाऊन खांदा लावतो. लग्नाला निघालेला असो, नाहीतर मयतीला. "हात लावा रं!" अशी एक आरोळी होते आणि नव्या कपड्यांतली माणसंसुद्धा धावतात. काम झालं की कुणी थांबून आभार वगैरे मानत नाही. आमच्या आबांचं तर त्यात नाव होतं. पुलावर इंजिनचा आवाज बदलला की हे जेवणावरनं उठायचे. हातही न धुता. सासूबाई चिडायच्या, "त्यो ट्रॅक्टर काय तुमचा जावई लागतो का?"

त्या दिवशी मंडपात मात्र आबाच उभे राहिले. चार माणसांत बोलायची त्यांना सवय नाही. टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "त्या वळणाला मी उभा ऱ्हातो. कोण पुढं येतंय ते बघतो. तंगडं मोडीन." लोक हसले. हे नाही हसले. ह्यांनी आबांकडं असं बघितलं की मला माझी नजर दुसरीकडं न्यावी लागली. एवढ्या वर्षांत बापानं पहिल्यांदा ह्यांच्या शर्यतीतलं काहीतरी काम अंगावर घेतलं होतं.

शर्यतीच्या दिवशी मी सकाळपासून टेकडीवर. बारामतीला सुटताना येऊ नको असं ह्यांनीच सांगितलं होतं. "तू आलीस की तुझ्याकडं बघत बसतो मी." म्हटलं, राहिलं, नाही येत. सासूबाई तर घरातनं हलल्याच नाहीत, त्यांना म्हणे बघवत नाही. मी वळणाच्या वरच्या अंगाला दोरीला लागून जागा धरली, समोरच्या बाजूला खाली आबा. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, हातात वेताची काठी. सकाळपासून ते लोकांना मागं सारत होते. एका माणसाचा पाय दोरीच्या पुढं आला, तर त्याच्या बुटावर काठीनं टिचकी मारली. मागं हलगीवाले शेकोटीवर हलग्या तापवत होते.

शर्यत मोबाइलवर दिसत होती. म्हणजे दिसायची, मग अडकायची. एकदा भवानीनगरला घोळका दिसला, रस्त्याच्या कडेला पोलिसांनी उसाच्या ट्रॉल्या लावून ठेवलेल्या, ड्रायव्हर ट्रॉलीवर चढून हात हलवतायत. मग चित्र थांबलं आणि ड्रायव्हरचा हात तसाच वर राहिला. परत सुरू झालं तेव्हा इंदापूर मागं पडलं होतं. माझ्या दुकानाच्या पाटीवरनं कॅमेरा सुर्रकन गेला आणि मी उगाच ओरडले, "ते बघा माझं दुकान!" शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलं. काय करणार, मनात एवढी धडधड होती की काहीतरी ओरडायला पाहिजेच होतं.

माळावर वारा आडवा येतो, ते ह्यांना माहीत होतं. तिथंच ह्यांनी डाव टाकला. घोळका वाऱ्यानं तुटला, पाच जण पुढं सुटले, त्यात हे. टीमच्या पोरांनी मागं राहून बाकीच्यांना अडवलं. ज्यांच्यासाठी ह्यांनी आयुष्यभर पाणी वाहिलं, ते आज ह्यांच्यासाठी वारा अंगावर घेत होते. मला रडू यायला लागलं. मी स्वतःलाच दटावलं, की बाई अजून टेकडी चढायचीय, आत्ताच काय रडतेस.

मग खालून शिट्ट्या ऐकू आल्या. पोलिसांची मोटारसायकल गेली, लाल झेंड्याची गाडी गेली. हलगी घुमायला लागली. पहिला आला, कुठल्या तरी लांबच्या टीमचा, लहान चणीचा, आणि खारीसारखा वर निघून गेला. त्याच्या मागं दुसरा. मग जरा जागा रिकामी. आणि मग हे.

तिसरे! मी दोन्ही हात वर करून किंचाळले असेन, मला माझाच आवाज ऐकू आला नाही. चौथा होता मागं, पण लांब. बऱ्यापैकी लांब. मी हे मुद्दाम सांगते, कारण मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ह्यांना कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

पण बघणाऱ्याला ते तसं दिसत नव्हतं. चढ सायकलवाल्याचा जीव काढतो. हे उभे राहून पायडल मारत होते, सायकल एकदा इकडं, एकदा तिकडं, तोंड उघडं, लाळ हनुवटीवर, डोळे कुठं बघतायत त्याचा पत्ता नाही. चाक इतकं हळू फिरत होतं की आरे मोजता आले असते. ज्यानं कधी शर्यत बघितली नाही, त्याला वाटणार की हा माणूस आता पडतोय. मला माहीत होतं की हे असेच चढतात. आबांना कुठं माहीत होतं?

आबा हात पसरून, लोकांकडं तोंड करून उभे होते. ह्यांच्या श्वासाचा आवाज त्यांच्या पाठीमागं आला आणि ते वळले. मी त्यांचा चेहरा बघितला. काठी पडली. मी ओरडले, "आबा, न्हाय!"

ते धावले. वहाण निघाली, धोतराचा सोगा सुटला, आणि आबांचा एक हात सीटला आणि एक ह्यांच्या कमरेवर बसला. "हात लावा रं!" आबांनी आरोळी दिली. आणि कुणीही हललं नाही. सगळं गाव दोरीच्या मागं उभं. त्या तात्यांनीसुद्धा दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते. सगळ्यांनी ह्यांचा शब्द पाळला. एकटा बाप सोडून.

"आबा, सोडा! सोडा हो!" मी दोरी ओलांडायला गेले तर पोलिसानं मला धरलं. हलगी अशी कडाडत होती की शेजारच्या बाईलाही माझं बोलणं ऐकू जात नव्हतं. मी ह्यांच्याकडं बघून ओरडले, "झटका! हात झटका!" एक क्षण ह्यांची मान मागं वळल्यासारखी झाली. मला वाटलं, आता झटकतील. मान परत खाली गेली. हात तसाच राहिला. आबा त्यांच्या बरोबरीनं पळत राहिले, एक पाय अनवाणी, आणि मग दम लागून थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून. हे वर निघून गेले. मागोमाग पंचांची मोटारसायकल आली. मागच्या सीटवर बसलेल्या पंचांनी आबांकडं बघितलं, मग वर बघितलं, आणि वायरलेस तोंडाशी नेला.

मला त्या पोलिसाचा हात चावावासा वाटला. खरंच सांगते. एवढं जवळ, पाच-सहा हातांवर सगळं घडलं, आणि मी काही म्हणजे काही करू शकले नाही.

मी लोकांतनं वाट काढत वर पळाले. वर नुसता पिवळा धुरळा. शर्यत संपली म्हणून लोकांनी भंडारा उधळायला सुरुवात केली होती. हे तिसरे आले होते. लोकांनी त्यांना सायकलीवरनं उतरवून खांद्यावर घ्यायची तयारी केली होती. ह्यांनी हातानं नको नको केलं. केस, कान, भुवया, सगळं पिवळं. मी जवळ गेले, तर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "पंचांनी बघितलं का?"

मी म्हटलं, "न्हाय, बहुतेक." खोटं बोलले. काय करू?

थोड्याच वेळात बोलावणं आलं. तंबूच्या दाराशी मीही उभी राहिले, मला कुणी हटकलं नाही. पंच परप्रांतातले, वयस्कर, बोलायला सौम्य. त्यांनी मोबाइलवर फिल्म दाखवली. त्यात आबांची टोपी स्पष्ट दिसत होती. त्यांनी हिंदीत विचारलं, की हा माणूस कोण आहे, तुमच्या टीमचा आहे का? हे म्हणाले, माहीत नाही. बघायला आलेला कुणीतरी असेल. मग पंचांनी विचारलं, की मग तुम्ही हात झटकला का नाही? एवढी पावलं तो तुम्हाला ढकलतोय, तुम्ही मान वळवलीत, म्हणजे तुम्हाला कळलं होतं. झटकला असतात तर मी इथं तुम्हाला बोलावलंच नसतं.

हे पिवळ्या तोंडानं खाली बघत राहिले. पंचांनी अजून एकदा विचारलं. त्या माणसाला मनापासून ह्यांना सोडायचं होतं, मला दिसत होतं. "सांगा ना काहीतरी," मी मनातल्या मनात म्हणत होते. "ऐकू आलं नाही म्हणा, चक्कर आली होती म्हणा." हे हातमोजे काढत राहिले. नियम नियमच. नाव कमी झालं.

मॅनेजर बाहेर आले ते संतापून लाल. "तुझ्या गावच्या लोकांनीच तुझं वाटोळं केलं. कोण होता तो म्हातारा?" ह्यांनी पाण्याची बाटली डोक्यावर ओतली. भंडारा धुऊन मानेवरनं पिवळे ओघळ उतरले. मॅनेजर थोडे थंड झाले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षाचं... बघू." ते बघू म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही कळलं.

टीमच्या गाडीमागं जरा आडोसा होता. तिथं मी ह्यांना धरलं. "अहो, का नाही झटकलात? मी ओरडत होते ना! ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"हात लागल्या लागल्या कळलं मला. आबांचा हाय." हे बुटांचे बंद सोडत होते, वर बघत नव्हते. "आयुष्यात पहिल्यांदा हात लावला गं त्यांनी माझ्या सायकलीला. आणि सगळ्या गावासमोर तो झटकू?"

"अहो पण करार! करार गेला ना!"

"झटकणारच होतो मी," हे म्हणाले. "हात उचलला पण होता. न्हाय झालं."

मला ह्यांचा इतका राग आला, इतका राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते समजेना. ह्यांच्यावर काढावा तर हा माणूस असा बसलेला. मग आबांवर. हो, आबांवरच. सगळ्यांना काठी दाखवत होते ना? आता मी दाखवते. मी तरातरा खाली वळणाकडं निघाले. वाटेत शब्द जुळवत गेले. एवढं साधं समजत नाही का, एकानं सांगितलेलं ऐकावं की नाही, मुलाचं पोट मारलंत तुम्ही, असं सगळं. एकही शब्द मागं ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

आबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. अनवाणी पायाचं अंगठ्याचं नख उखडलं होतं, सिमेंटवर रक्ताचे ठिपके. शेजारी दोघं-तिघं उभे. मी आलेली बघून आबांचा चेहरा असा फुलला, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"बगितलं का गं?" ते म्हणाले. "सायकल लई हलकी हाय की! नुसता हात लावला आन कशी पळाली!"

मी उभीच राहिले. हात लावायचा नाही हा नियम परक्यांसाठी, बापाला कसला नियम, असंच त्यांनी धरलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, त्या हातानं काय केलं ते. तिथं सगळ्यांना कळलं होतं. मी पदराची कड फाडली आणि खाली बसून आबांचा अंगठा बांधायला लागले.

"कितवा आला?" आबांनी विचारलं. त्या वळणावरनं शेवटची रेघ दिसत नाही.

वर लाउडस्पीकरवर नावं चालू झाली होती. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला ह्यांचं नाव नव्हतं. आबांनी कान टवकारून ऐकलं. मग पायाकडं बघितलं. "गेला व्हय नंबर?" मी काही बोलायच्या आत मागनं ह्यांचा आवाज आला. सायकल हातात धरून चालत खाली आले होते. म्हणाले, "थोडक्यात गेला, आबा. शेवटी मागच्यानं गाठलं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळ्यांनीच मला गप केलं. मला गप करणं सोपं नाही.

घरी यायच्या आधी मी गावात एक चक्कर मारली. ज्याच्या ज्याच्या हातात मोबाइल होता त्याला त्याला सांगितलं, "आबांच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ हाय." धमकी द्यायची गरज नव्हती. कुणी हसलं नाही, कुणी प्रश्न विचारला नाही. तात्या म्हणाले, "पोरी, आमाला काय तोंड न्हाय का? पण त्ये बंद ठेवता येतंय." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला माहीत होतं. सासूबाईंनासुद्धा. त्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या, आणि एरवी ज्यांच्या भाकरीला तडा जात नाही, त्यांच्या दोन तव्यातच मोडल्या.

दिवस मावळायला आला होता. धारा काढून झाल्या होत्या. आबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते, हे खालच्या पायरीवर. मी आतनं चहा घेऊन आले. आबांनी चहा बशीत ओतून घेतला. मग म्हणाले, "माझंच चुकलं रं."

 मला वाटलं, कुणीतरी सांगितलंच.

"दम गेला माझा," आबा म्हणाले. "त्या वळणाच्या पुढं आजून सरळ चढ व्हता. तितपर्यंत पळालो असतो तर त्यानं तुला गाठलं नसतं. वय झालं. माझ्यामुळं गेला तुझा नंबर."

ह्यांच्या खांद्यांकडं मी बघत होते. पाठमोरे बसले होते हे.  मग ह्यांनी हात मागं करून आबांच्या बांधलेल्या पायावर ठेवला. "न्हाय आबा. तुमी व्हता म्हणून वर तरी पोचलो."

आबांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

मॅनेजरांचा फोन नंतर आला. अपेक्षित तेच. ह्यांनी "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवला. आता हे बारामतीत एका दुकानात सायकली विकायला बसतात. आबांना सांगितलंय, की सध्या शर्यतींचा सीझन नाही.

अंगठा बरा झाल्यापासून आबा रोज उजाडताना उठतात. टोपी घालतात, धोतर वर खोचतात आणि कालव्याच्या भरावावरनं पळायला जातात. सुरुवातीला विजेच्या पहिल्या खांबापर्यंतच जायचे. आता पार पुलाच्या चढापर्यंत जाऊन येतात. परवा सकाळी परत आले तेव्हा मी अंगणात सडा टाकत होते. दम लागला होता, पण चेहरा खूश. ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले आणि मला विचारलं, "सूनबाई, पुढल्या साली शर्यत हितनंच जाणार न्हवं?"

हे दारात उभे होते, दुकानात जायला निघालेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी आबांकडं.

"व्हय आबा," मी म्हटलं. "हितनंच."